मी नसलो तरी गावलं पाहिजे : करोल बागेतल्या एका हार्ड डिस्कचं दप्तर

करोल बागेत अजमल खान रोडवरची कपड्यांची गर्दी मागे टाकून बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांत शिरलं की आवाज बदलतो. इथे सोन्याचं काम चालतं. वरच्या मजल्यांवर बंगाली कारागीर दागिने घडवतात. खाली, एखाद्या जिन्याच्या आडोशाला, आठ-दहा फुटांच्या खोलीत भट्टी असते आणि तिच्यापुढे बसलेला माणूस पुष्कळदा सांगली जिल्ह्यातला असतो. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या कमी पावसाच्या पट्ट्यातून निघालेले गलाईवाले भारतभरच्या सराफ बाजारांत पसरले आहेत. कारखान्यातला कानसेचा कीस, झाडलोटीची माती, मोडीत आलेले दागिने हे सगळं वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची, टंच पाहायचा आणि शुद्ध सोन्याची लगड गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, हे त्यांचं काम.

माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, याच गल्लीत आयुष्यभर बसले. त्यांच्या धंद्यात एक नियम होता. गिऱ्हाइकाची पुडी हातात आली की आधी चिठ्ठी : नाव, वजन, तारीख. मग बाकी सगळं. लहानपणी सुट्टीत मी दुकानात बसायचो तेव्हा एकदा चिठ्ठीवर नुसतं वजन लिहून पुडी कप्प्यात सारली. नानांनी ती बाहेर काढली आणि म्हणाले, "आरं, मुशीत गेल्यावर सोन्याला नाव नसतंय. चिठ्ठी अशी लिही की मी नसलो तरी गावलं पाहिजे."

नाना गेल्यावर दुकान आवरताना माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर सापडला. १९९४च्या सुमारास त्यांनी तो जुना म्हणूनच विकत घेतला होता. दुकानाचा हिशेब वहीतच राहिला; कॉम्प्युटर होता गल्लीतल्या गणपतीसाठी. वर्गणीची यादी, पावत्या, कार्यक्रमपत्रिका, गावाकडे पाठवायची पत्रं. अकरा-बारा वर्षं नाना तो वापरत राहिले. गफ्फार मार्केटमधून एक जोडवायर आणून मी त्यातली हार्ड डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. डिस्क फिरली. फाइली होत्या. आणि त्या जवळजवळ सगळ्यांवर एकच तारीख होती : १ जानेवारी १९८०.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक पुडी बिनचिठ्ठीची ठेवली नाही, त्याने शेकडो फाइली अशा कशा ठेवल्या? हा प्रश्न नानांपुरता नाही. कागद लावायची आपली जुनी रीत कॉम्प्युटरवर येताना कुठे अडखळली, हे त्यातून दिसतं.

रुमाल आणि चिठ्ठी

'दफ्तर' हा शब्द करोल बागेत म्हणजे ऑफिस. विट्यात तोच शब्द 'दप्तर' होऊन शाळेच्या पिशवीला चिकटतो. पुण्यात इतिहासाच्या अभ्यासकाला विचारलं तर तो पेशवे दप्तर समजेल. शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीकमधून आला. मुळात अर्थ कमावलेलं कातडं. म्हणजे ज्यावर लिहायचं ती वस्तू, मग लिहिलेल्याचा साठा, मग तो साठा जिथे असतो ती जागा.

पेशव्यांच्या कारभारातले कागद १८१८ नंतर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. आज ते पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत आणि तीस हजारांहून अधिक रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी फडकं. एका प्रकरणाचे, एका प्रांताचे किंवा एका काळाचे कागद एकत्र करायचे, फडक्यात बांधायचे आणि आत काय आहे ते बाहेरून कळेल अशी खूण करायची. कॉम्प्युटरवरचं फोल्डर हेच करतं. फरक इतकाच, की रुमाल उचलला तर त्याचं वजन हाताला कळतं.

या दप्तराची लावणी ही निव्वळ सोयीची गोष्ट नव्हती. १८५०च्या दशकात इनाम कमिशन बसलं आणि घराण्याघराण्यांना आपल्या इनामाचा पुरावा दाखवावा लागला. कागद सापडला तर जमीन राहिली. नाही सापडला तर कागद मुळात होता की नव्हता याने काही फरक पडत नव्हता. सापडत नाही तो कागद नसल्यासारखाच, हे कित्येक घराण्यांनी तेव्हा जमीन देऊन शिकून घेतलं.

मराठी हिशेबनिसाकडे लावणीच्या दोन रीती होत्या आणि त्या आजही जुन्या पेढ्यांत दिसतात. एक कीर्द : जे जसं घडलं तसं, दिवसाच्या क्रमाने. दुसरी खतावणी : तेच व्यवहार माणसाच्या किंवा बाबीच्या नावाखाली पुन्हा मांडलेले. कीर्द सांगते कधी, खतावणी सांगते कुणाचं आणि कशाचं. कीर्दीला डोकं लागत नाही, शिस्त लागते. खतावणीला मात्र ठरवावं लागतं, की हा व्यवहार कोणत्या खात्याचा. पेशवे दप्तरातही रोजकीर्दी आहेत आणि बाबवार लावलेले हिशेबही. दोन्ही असल्यामुळे एक हरवली तर दुसरीवरून तपासता येतं.

पत्रांची गोष्ट वेगळी होती. अठराव्या शतकात मराठ्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातली माणसं दिल्लीत राहत होती. दरबारात काय चाललं आहे, कोण कुणाच्या बाजूला गेलं, पैसा कुठे अडकला, हे ती पुण्याला कळवत. हे घराणं पुढे नाशिकजवळच्या चांदोरीला स्थिरावलं. घराण्याकडचे कागद ग. ह. खरे यांच्या संपादनाखाली भारत इतिहास संशोधक मंडळाने 'हिंगणे दप्तर' म्हणून छापले. दिल्लीचा इतिहास असा महाराष्ट्रातल्या एका वाड्यात टिकला.

पण त्या काळच्या पत्रांत एक अडचण असते. शेवटी 'छ' लिहून चंद्राची तारीख असते, मुसलमानी महिना असतो, आणि साल बहुधा नसतंच. लिहिणाऱ्याला त्याची गरज नव्हती. पत्र पंधरा दिवसांत पुण्याला पोचणार, वाचणाऱ्याला साल माहीत असणार. दीडशे वर्षांनी कुणी अनोळखी माणूस ते उघडेल असं कुणाच्या मनात आलं नाही. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. या कामातला मोठा वाटा साल ठरवण्याचा होता. पत्रात कोण जिवंत आहे, कोणती लढाई झालेली आहे, तारखेशी वार जुळतो का, हे जंत्री समोर ठेवून एकेका पत्रासाठी पाहायचं. चुकलं तर कारणाच्या आधी परिणाम येऊन बसतो.

'छ ५ रमजान' लिहून थांबणारा कारकून आणि 'फायनल नवीन' असं फाइलीचं नाव ठेवून थांबणारा आजचा माणूस, दोघांचा समज एकच : वाचणारा आपल्याच काळातला आहे.

आठ अक्षरं

'फाइल' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला दोरा आहे. कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवायचे, ती फाइल. आपल्याकडे किराणा दुकानात तारेच्या आकड्याला टोचलेली बिलं पाहिली की हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मराठी कारभाराने तिला नस्ती म्हटलं, संचिका म्हटलं. दिल्लीत तर फाइल हेच शहराचं मुख्य उत्पादन. कित्येक मराठी कुटुंबं सरकारी नोकरीच्या निमित्ताने या शहरात आली ती याच फाइलींच्या मागे.

कॉम्प्युटरवर फाइली कशा लावायच्या, हा प्रश्न घरगुती कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या मोठ्या यंत्रणेसाठी एक आराखडा मांडला. फाइलींची यादी हीसुद्धा एक फाइलच मानायची; मग यादीत यादी ठेवता येते आणि एका मुळापासून फांद्या फुटाव्यात तशी रचना होते. घरांमध्ये ही रचना उशिरा पोचली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्या फ्लॉपीवर सगळ्या फाइली एकाच यादीत असत आणि त्या यादीत जास्तीत जास्त ६४ नावं बसत. ६४ कागदांना रुमाल लागत नाही. पण मार्च १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आणला, आणि त्याच्या बरोबरच्या डॉसमध्ये उपयाद्या करायची सोय आली. साठा वाढला म्हणून रुमाल आले.

दरम्यान १९८१ साली झेरॉक्सच्या 'स्टार' या यंत्राने पडद्यावर टेबल, कागद आणि फोल्डर यांची चित्रं मांडली होती. अमेरिकन ऑफिसातल्या पुठ्ठ्याच्या फोल्डरचं ते चित्र. पुढे ॲपलने आणि मग विंडोजने तेच चित्र घरोघरी नेलं. आपल्याकडे अशी पुठ्ठ्याची फोल्डरं घरात क्वचितच असायची. आपले कागद पिशवीत, ट्रंकेत, गादीखाली. त्यामुळे करोल बागेतल्या किंवा विट्यातल्या माणसाने पडद्यावरचं पिवळं फोल्डर पाहिलं तेव्हा ते त्याला कशासारखं वाटलं नाही. ते एक बटण होतं. दाबलं की आत जायचं.

नावाची गोष्ट याहून कठीण होती. डॉसमध्ये फाइलीचं नाव आठ अक्षरांचं, मग एक टिंब, मग प्रकार सांगणारी तीन अक्षरं. अक्षरं रोमन. हा नियम ठरला तेव्हा जागा महाग होती आणि ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी होती. आता रोमन लिपीत 'गणेशोत्सव' लिहून बघा. अकरा अक्षरं होतात. बसत नाही. 'गणपती' लिहिलं तर सात होतात, बसतं, आणि एक अक्षर उरतं.

त्या उरलेल्या एका जागेत नानांनी वर्षाचा शेवटचा आकडा घातला. १९९४चा गणपती४, १९९५चा गणपती५. नियम चांगला होता, दहा वर्षांपुरता. यंत्र अकरा-बारा वर्षं चाललं. डिस्कवर मला गणपती५ नावाच्या दोन फाइली मिळाल्या, एक 'मंडळ' या फोल्डरात आणि एक 'मंडळ१' मध्ये. यातली १९९५ची कुठली आणि २००५ची कुठली, हे नाव सांगत नव्हतं. फोल्डरही सांगत नव्हतं.

अशा वेळी आपण तारखेकडे बघतो. कॉम्प्युटर प्रत्येक फाइलीवर आपण न सांगता तारीख आणि वेळ टाकतो. ही त्याची कीर्द. म्हणून तर खतावणीचा कंटाळा केला तरी चालतं असं सगळ्यांना वाटतं. पण डॉसच्या कालगणनेची सुरुवातच १ जानेवारी १९८०पासून आहे, त्याआधीची तारीख त्याला लिहिता येत नाही. यंत्रातली घड्याळाची छोटी बॅटरी मेली की दर वेळी चालू करताना यंत्र त्या पहिल्या दिवसावर परत येतं. नानांच्या यंत्राची बॅटरी पहिल्यापासूनच मेलेली असावी. रोज सकाळी एक कळ दाबून ते पुढे जात आणि रोज त्यांचा कॉम्प्युटर १९८० सालात असे.

वेळ मात्र पूर्ण निरुपयोगी नव्हती. फाइलीवर 'पहाटे ३.४०' असेल तर त्याचा अर्थ यंत्र चालू केल्यावर तीन तास चाळीस मिनिटांनी ती साठवली. आणि थोड्या फाइलींवर २ जानेवारी १९८० होती. पहिल्यांदा ती चूक वाटली. मग लक्षात आलं, त्या फाइली ज्या दिवशी झाल्या त्या दिवशी यंत्र चोवीस तासांत बंदच केलेलं नव्हतं. त्या सगळ्या फाइली गणपतीच्या होत्या.

अंक राहिले, नावं गेली

साल ठरवायला मी फाइल उघडली. पडद्यावर मराठी नव्हतं. रोमन अक्षरं, उच्चारचिन्हं, चौकोन, यांचा काला होता.

देवनागरीची सोय भारतात उशिरा झाली असं नाही. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी काम सुरू झालं आणि ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' या नावाने पुढे नेलं. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवायचं आणि डॉसवर देवनागरी लिहायची. भारतीय लिप्यांची अक्षरं कोणत्या क्रमांकांनी साठवायची याचं 'इस्की' हे प्रमाण भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली होती.

पण बाजारातला माणूस प्रमाणाची वाट बघत नाही. विंडोजवर छपाईसारखी सुबक अक्षरं काढायची सोपी युक्ती होती : इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र ठेवलेला फॉन्ट. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी लिहितो आहोत, डोळ्याला मराठी दिसतं. मराठी छपाईची वीस वर्षं या युक्तीवर चालली. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत. प्रत्येक पॅकेजची चित्रांची जागा वेगळी. म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडत नाही, आणि फॉन्ट गेला की मजकूर जातो. नानांच्या यंत्रावर असंच एक पॅकेज होतं. ते चालायला प्रिंटरच्या खाचेत एक कुलूप लावावं लागे. कुलूप दुसऱ्या यंत्रात चाललं नाही म्हणून नानांनी नवा कॉम्प्युटर घेतला नाही. ते मंडळाचा हिशेब २००६पर्यंत त्याच यंत्रावर करत राहिले. खुद्द विंडोजमध्ये मराठीची सोय २००० सालीच आलेली होती. पण जुन्या फाइली टाकून नव्या घरी कोण जाणार?

माझ्यासमोर उघडलेल्या फाइलीत एक गोष्ट मात्र शाबूत होती. अंक. त्या फॉन्टमध्ये मराठी अंकांची चित्रं इंग्रजी अंकांच्याच जागी बसवलेली होती, त्यामुळे फॉन्ट नसतानाही २ हा २ राहिला. वर्गणीचे आकडे रांगेत उभे होते : ५१, १०१, ५१, २५१. समोरची नावं गेली होती. मूस उघडल्यावर दिसावं तसं, वजन आहे, माणूस नाही.

पण पहिल्या ओळीत २९-८ असं होतं. आणि 'मंडळ१'मधल्या गणपती५च्या पहिल्या ओळीत ७-९. मी पंचांग पाहिलं. १९९५ साली गणेश चतुर्थी २९ ऑगस्टला होती. २००५ साली ७ सप्टेंबरला. दोन फाइली आपापल्या वर्षांत जाऊन बसल्या. राजवाडे-सरदेसायांनी हजारो पत्रांवर केलेली खटपट मी दोन फाइलींवर केली आणि मला अर्धा दिवस लागला.

एक योगायोग नोंदवून ठेवतो. त्या १९९५च्या चतुर्थीच्या पाच दिवस आधी, २४ ऑगस्टला, अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आलं. त्यात फाइलीचं नाव २५५ अक्षरांपर्यंत ठेवता येत होतं. करोल बागेतल्या त्या खोलीत नाना तेव्हा शेवटच्या आठव्या अक्षरात ५ टाकत होते.

शोधलं की सापडतं?

आज कुणी म्हणेल, नावं आणि फोल्डरं कशाला, शोध घ्या. २००५च्या सुमारापासून कॉम्प्युटर फाइलींच्या आतला मजकूर वाचून सूची करून ठेवतात. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फाइल 'कुठे' आहे हा प्रश्नच विचित्र वाटतो. फोटो फोटोंत असतात, बाकीचं ज्याने पाठवलं त्याच्या गप्पांत. ही शुद्ध कीर्द आहे, सगळ्यात नवीन सगळ्यात वर. खतावणी कुणीच लिहीत नाही.

मराठीत शोधाला दोन अडथळे आहेत. पहिला वर आलाच : 'गणपती' असा शोध घेतला तर नानांची एकही ओळ सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी तिथे तो शब्द नाहीच. दुसरा युनिकोडच्या आतला आहे. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, शोधाला वेगळे. ज्याने एका प्रकारे लिहिलं त्याचं दुसऱ्या प्रकारे शोधणाऱ्याला मिळेलच असं नाही. शिवाय शोध घ्यायला काय शोधायचं ते माहीत असावं लागतं. दप्तरात बसणारा अभ्यासक जे शोधायला येतो त्यापेक्षा शेजारच्या रुमालात त्याला जास्त मिळतं, हे कुठल्याही अभ्यासकाला विचारा.

मोडीचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. सरकारी कारभारातून आणि मग शाळांतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत कोट्यवधी कागद घरात असूनही वाचता येईनासे झाले. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. पण मोडी निदान माणसाला शिकता येते; आज तिचे वर्ग चालतात. १९९०च्या दशकातल्या मराठी फाइली वाचायला माणूस शिकून उपयोग नाही, तो फॉन्ट जपून ठेवलेला हवा. त्या काळातले छापील अंक ग्रंथालयांत आहेत. छापले न गेलेले हिशेब, पत्रं, याद्या माळ्यावरच्या डिस्कांत आहेत, आणि डिस्क कागदाइतकी टिकत नाही.

पुडीवरची चिठ्ठी

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं आता मिळतात. एका मित्राने नानांच्या पॅकेजचा फॉन्ट कुठूनसा मिळवला आणि मजकूर बराचसा वाचता आला. जोडाक्षरं फुटली, वेलांट्या सरकल्या, पण नावं परत आली.

वर्गणीच्या याद्यांपेक्षा मोलाची एक फाइल निघाली. रोमनमध्ये तिचं नाव होतं 'पत्ते', म्हणून मी ती शेवटी उघडली. त्यात पत्ते नव्हते. गल्लीतल्या एकेका मराठी दुकानाची नोंद होती : मूळ गाव कोणतं, पहिल्यांदा दिल्लीला कोण आलं, कुणाच्या भट्टीवर आधी काम केलं, मग स्वतःची जागा कधी घेतली, आता मुलं काय करतात. कुणी मद्रासहून इकडे आलेला, कुणी कलकत्त्याला जाऊन परतलेला. दुष्काळाच्या वर्षी निघालेली माणसं होती, भावाच्या मागे आलेला भाऊ होता. आमच्या या वस्तीचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. कुठल्या अभिलेखागारात आमचा रुमाल नाही. नानांनी तो लिहायला घेतला होता, आठ अक्षरांच्या एका चुकीच्या नावाखाली, १ जानेवारी १९८० या तारखेला. ती डिस्क भंगारात जायला फार थोडं अंतर उरलं होतं.

नानांनी असं का ठेवलं, याचं उत्तर मला आता सापडतं. पुडी दुसऱ्याची होती, म्हणून तिला चिठ्ठी लागत होती. फाइली त्यांच्या स्वतःच्या होत्या. स्वतःच्या वस्तूला नाव कशाला, ती कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असतं. हिंगण्यांच्या कारकुनालाही साल ठाऊक होतं. आपल्या कॉम्प्युटरवरचं सगळं आपलंच आहे, हा समज एका पिढीपुरता खरा असतो. त्यानंतर ते दुसऱ्याचं होतं, आणि तो दुसरा येतो तेव्हा विचारायला आपण नसतो.

मी ती डिस्क लावून ठेवली आहे. मूळ फाइली जशाच्या तशा, त्यांच्या जुन्या नावांनिशी एका फोल्डरात. त्यांना हात लावायचा नाही. शेजारी युनिकोडमधल्या प्रती, प्रत्येकीच्या नावात आधी पूर्ण साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे नावाप्रमाणे लावलं की आपोआप कीर्द होते, घड्याळ मेलं तरी. मग विषय, मराठीत. फॉन्टही तिथेच. एक प्रत माझ्याकडे, एक विट्याला धाकट्या चुलतभावाकडे. चांदोरीचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं.

सगळ्यात वर एक साधी मजकुराची फाइल आहे, कुठल्याही यंत्रावर उघडेल अशी. नाव 'आधी हे वाचा'. तिच्यात दहा-बारा ओळी आहेत : हे कागद कुणाचे, कुठल्या गल्लीतले, कोणत्या वर्षांचे, कोणत्या फॉन्टमध्ये लिहिलेले, गणपती५ नावाच्या दोन फाइलींपैकी कोणती कुठली आणि ते कशावरून ठरवलं. खाली माझं नाव आणि तारीख. वजन लिहायची सोय नव्हती, नाहीतर तेही लिहिलं असतं.